गेलेल्या पेटीवाल्या मित्राची आठवण वाजती कशी ठेवायची

माझा मित्र ऑगस्ट 2022 मध्ये गेला. वीज मंडळात वायरमन होता, सांगलीच्या गावभागात राहायचा. जवळजवळ चाळीस वर्षं दर गुरुवारी आम्ही एका देवळात भजनाला बसलो. पेटी, म्हणजे हार्मोनियम, त्याची; तबला माझा. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहायचो, आता निवृत्त आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमचाही कुणी गेला असेल तर त्याचं नाव मनात धरून वाचा.

तो गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी नुसता बसून राहिलो. फोटो बघायचो, उसासे टाकायचो. तेवढ्या दिवसांत त्याच्या काही गोष्टी हातातून गेल्या त्या गेल्याच. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट चांगली असते: तो जे करायचा त्यातलं थोडं तरी दुसऱ्या कुणाच्या हातात देता येतं. पण त्यासाठी कामं करावी लागतात, आणि ती वेळेत करावी लागतात. म्हणून जे लवकर नासतं ते आधी सांगतो.

घरी कधी जायचं, काय मागायचं

दिवसकार्य होईपर्यंत काही मागू नये, काही सुचवू नये. तेराव्यानंतर आठवड्याभरानं जावं, चहा घ्यावा आणि एवढंच म्हणावं, "वहिनी, आवराआवर कराल तेव्हा मला हाक मारा. भंगारवाल्याला काही द्यायच्या आधी एकदा मला बघू द्या." मी हे बोललो तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. दिवाळीच्या साफसफाईत एक पत्र्याचा डबा आधीच गेला होता. वहिनींना वाटलं जुनी बिलं असतील. त्यात त्याच्या तरुणपणच्या वह्या होत्या, हे मला मागून त्याच्या भावाकडून कळलं.

फोनचंही तसंच झालं. त्याच्या मुलानं तो पुसून स्वतःला वापरायला घेतला. पोराची चूक नाही. वडिलांच्या फोनमध्ये पहाटेच्या रियाजाची रेकॉर्डिंगं असतील हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

तेव्हा ही कामं पहिल्या तीन-चार महिन्यांत, घरच्यांना विचारून, त्यांच्यासमोर बसून करा. फोनमधले ऑडिओ आणि व्हिडिओ केबल लावून संगणकावर उतरवा. त्याचं गूगलचं खातं घरच्यांपैकी कुणाला उघडता येतं का ते बघा; दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते खातं पुसलं जाऊ शकतं. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण 120 दिवस वापरात नसेल तर जातं. मला हे माहीत नव्हतं. एक दिवस सकाळी बघतो तर त्याच्या नावापुढचा फोटो गेलेला, नुसतं राखाडी वर्तुळ. आणि सिमकार्ड तीन महिने बंद राहिलं तर कंपनी तो नंबर काढून घेऊ शकते आणि पुढे दुसऱ्याच माणसाला देते. नंबर ठेवायचा असेल तर कुणीतरी एकानं छोटा रिचार्ज मारत राहायची जबाबदारी घ्यावी.

तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही त्याचा आवाज असतोच. माझ्याकडे त्याचे सत्तेचाळीस आवाजी निरोप निघाले. सगळ्यांत लहान चार सेकंदांचा आहे, "आलो रे, चप्पल घालतोय." ते एकेक करून बाहेर काढले, प्रत्येकाला तारखेचं नाव दिलं आणि दोन ठिकाणी ठेवले. गाण्याचं रेकॉर्डिंग कुणाला पाठवायचं असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

कॅसेटी

त्याच्या कॅसेटी चौऱ्याऐंशी होत्या. 1980 आणि 1990 च्या दशकातली भजनं, हौशी संगीत नाटकांच्या तालमी, घरगुती बैठका. प्रत्येकीवर त्याच्या तिरक्या अक्षरात काहीतरी. "गुरुवार, पाऊस, अण्णांचा यमन चांगला." एकीवर फक्त "पुन्हा ऐकणे".

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. गावभागात घराघरांत पाणी होतं, आणि त्याच्या कपाटाच्या खालच्या फळीवरच्या एकतीस कॅसेटी दोन-तीन दिवस गढूळ पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर लोक गाद्या वाळत घालत होते आणि आम्ही दोघं माझ्या विश्रामबागच्या घरात जमिनीवर चादर पसरून कॅसेटी उघडत होतो. ती युक्ती त्याची, म्हणून इथं सांगतो. भिजलेली कॅसेट चुकूनही मशीनमध्ये घालायची नाही. कोपऱ्यातले आणि मधला असे पाच बारीक स्क्रू असतील तर ते काढायचे, टेपची दोन्ही चाकं सोडवायची, फिल्टरच्या स्वच्छ पाण्यात अलगद हलवून चिखल काढायचा. मग जुन्या सुती टॉवेलवर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात चार-पाच दिवस ठेवायचं. उन्हात ठेवायचं नाही आणि हेअर ड्रायर वापरायचा नाही, टेप आक्रसते. वाळल्यावर दुसऱ्या एखाद्या टाकाऊ कॅसेटच्या स्क्रूवाल्या कवचात ती बसवायची. एकतिसांपैकी एकोणीस वाचल्या. वायरमनच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते, पण एवढुसा स्क्रू ती बोटं कधी पाडायची नाहीत.

तो असताना कॅसेटी वाचल्या, पण संगणकावर उतरवायच्या राहिल्या. "बघू की सावकाश" असं दोघंही म्हणत राहिलो. ते काम मी 2023 मध्ये सुरू केलं.

लागतं काय, तर एक चालू टेपरेकॉर्डर किंवा वॉकमन, त्याच्या हेडफोनच्या भोकातून संगणकात जाणारी वायर, आणि ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. संगणकाला आवाज आत घ्यायची नीट सोय नसेल तर त्यासाठी यूएसबीवर चालणारं लहान यंत्र मिळतं. सुरू करण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही. मशीनचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. रबरी चाकाला मात्र नुसतं ओलसर फडकं पुरे. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं पळवा, परत मागं आणा, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. टेपच्या मागं एका लवचिक पट्टीवर लोकरीचा बारीक तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज बुजल्यासारखा येतो. टाकाऊ कॅसेटमधला तुकडा काढून तिथं बसवता येतो. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा आणि सगळ्यांत शेवटी घ्या, नाहीतर बुरशी मशीनमधून दुसऱ्या कॅसेटींना लागते.

फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण 600 एमबी जागा लागते. आजकाल एवढी जागा कुणाकडेही असते. ऐकायला आणि वाटायला वेगळी एमपीथ्री करा. मूळ फाइलच्या तीन प्रती हव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. आमच्या गावात पुरामुळे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्याकडची एक प्रत पुण्यात भाचीच्या कपाटात आहे.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती कान लावून ऐकल्यावर सापडली. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला की वेग कमी होतो आणि पट्टी, म्हणजे सुराची उंची, उतरते. पहिल्या सहा कॅसेटी उतरवल्यावर मला सारखं वाटायचं, हा असा सुस्त कसा वाजवतोय? मग लक्षात आलं. आमचं भजन कायम काळी दोन या पट्टीत, माझा तबलाही तिथंच लावलेला, आणि टेपवर मात्र पांढरी दोनच्या आसपास ऐकू येत होतं. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात साधारण सहा टक्क्यांचा फरक. गायकाच्या आवाजावरून हे ठरवता येत नाही, पण पेटीचा सूर ठरलेला असतो. त्याचीच पेटी शेजारी ठेवली, षड्ज, म्हणजे सा, धरला आणि तो जुळेपर्यंत ऑडॅसिटीत वेग वाढवत गेलो. जुळला त्या क्षणी माझा मित्र परत चपळ झाला. तुमचा मित्र बासरी वाजवणारा असेल तर त्याची बासरी, तंबोरा असेल तर कुठल्या पट्टीत लावायचा हे ठाऊक असलेला माणूस शेजारी घेऊन बसा.

घरघर, फुसफुस काढून टाकायच्या मोहात पडू नका, निदान मूळ फाइलमध्ये तरी नाही. एका कॅसेटमध्ये मागं कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि तिसऱ्या शिट्टीला वहिनी कुणाला तरी "गॅस बंद कर गं" म्हणतात. अंतऱ्याला तो हळूच "हां" म्हणतो. हे सगळं राहू द्या.

साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. मी रविवारची दुपार ठरवली. भाजी निवडायची, लसूण सोलायचा, मटार सोलायचे, आणि कॅसेट चालू. आमच्या घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे की रविवारी दोन ते चार पेटी वाजते. मुखपृष्ठांचे फोटोही काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे. अक्षर हीसुद्धा आठवण असते, आणि कुठला गुरुवार ते तिथंच लिहिलेलं असतं.

पेटी

वाद्य भिंतीवर टांगून किंवा काचेच्या कपाटात ठेवून जपता येतं असं बऱ्याच घरांत वाटतं. पेटी तशी मरते. भाता हलला नाही की त्याच्या घड्यांतलं कापड आणि चामडं कडक होतं, सुरांवर धूळ बसते, झुरळं आणि कसर आत घर करतात. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं ती वाजलीच पाहिजे. वाजवता येत नसेल तरी चालेल. भाता मारा आणि खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत प्रत्येक स्वर दोन-दोन सेकंद दाबा.

वाजवून झालं की भात्यातली हवा पूर्ण जाऊ द्या, सगळी बटणं आत ढकला आणि मगच झाकण लावा. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पाट घ्या. पट्ट्यांमध्ये तेल तर कधीच घालू नका. एखादा सूर एकदम घरघरायला लागला तर बहुधा त्याच्यात धुळीचा कण अडकलेला असतो. मऊ कोरड्या ब्रशनं निघाला तर निघाला; सुई, चाकू आत घालायचा नाही. पितळी जीभ थोडी जरी वाकली तरी सूर बदलतो. तिथून पुढचं काम कारागिराचं.

त्याच्या पेटीचा मधल्या सप्तकातला धैवत, म्हणजे ध, किंचित उतरलेला होता, आणि भात्याच्या एका कोपऱ्यातून बारीक हवा जायची. चाळीसातल्या शेवटच्या पंधरा वर्षांत मी त्या हवेचा आवाज ऐकत आलोय. पेटी मिरजेला कारागिराकडे न्यायची वेळ आली तेव्हा माझा पाय निघेना. दुरुस्त केली तर ती त्याची राहील का? वहिनींनी सोडवलं. म्हणाल्या, "ते सारखे म्हणायचे, यंदा धैवत करून घ्यायचाय. तुम्ही घ्या करून." मग मी नेण्याआधी एक काम केलं, ते तुम्हीही करा. खोलीची दारं-खिडक्या लावली, फोन पेटीच्या समोर ठेवला आणि दुरुस्तीआधीची पेटी रेकॉर्ड केली. प्रत्येक पट्टी खालून वर, मग वरून खाली, मग नुसता भाता, त्या फुसफुशीसकट. तेरा मिनिटं झाली. त्यानंतर पेटी निर्धास्तपणे कारागिराच्या हातात दिली.

पेटीला कुणी हलकं लेखलं की तो फार दुखावायचा. ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली, हे तो नव्या माणसाला हमखास सांगायचा. आणि लगेच कोल्हापूरच्या पेटीवाल्या गोविंदराव टेंब्यांचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावायचा.

आता आमची व्यवस्था अशी आहे. जूनमध्ये पाऊस लागायच्या आत पेटी गावभागातून माझ्याकडे येते आणि नवरात्राच्या आधी परत वहिनींकडे जाते. जुलैमध्ये कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की सांगलीतला प्रत्येक माणूस आयर्विन पुलाची पातळी विचारायला लागतो. मीही विचारतो. पण पेटी माझ्या घरी पहिल्या मजल्यावर आहे, एवढं एक आठवून बरं वाटतं.

फक्त तोच काय करायचा

माझ्या मते सगळ्यांत मोठं काम हे आहे, आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत. "फार गोड हात होता" असं सगळे म्हणतात. हात गोड होता म्हणजे नेमकं काय होतं?

एक वही घ्या. तो वाजवताना काय वेगळं करायचा ते आठवेल तसं लिहा. आठवायला मदत हवी असेल तर त्याच्याबरोबर बसलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "तो नसला की तुमचं कुठं अडतं?" आमच्या गायकांपैकी एक म्हणाले, माझा श्वास संपतोय हे त्याला माझ्याआधी कळायचं, तिथं तो सूर थोडा भरून धरायचा. टाळ धरणारा म्हणाला, सुरुवात करण्याआधी तो नुसता षड्ज धरून बसायचा, मंडपातली कुजबूज थांबेपर्यंत. "गप्प बसा" असं तोंडानं कधी म्हणाला नाही. भैरवीच्या शेवटच्या ओळीला तो पेटी थांबवायचा. गाणाऱ्यांचा आवाज एकटा जाऊ द्यायचा आणि अखेरच्या षड्जावर परत यायचा.

माझं काय अडतं ते मला सहा महिन्यांनी कळलं. नव्या मुलीबरोबर बसलो होतो, ती त्याची शेवटची शिष्या, तेव्हा बारावीत. छान वाजवत होती, पण मला सारखं गुदमरल्यासारखं होत होतं. घरी येऊन जुनी कॅसेट लावली आणि मात्रा मोजत ऐकली. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा. दोन ओळींच्या मधली जागा तो सुरांनी भरायचा, पण सातव्या मात्रेपर्यंतच. आठवी रिकामी ठेवायचा. ती माझी जागा होती. तिथून मी तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवायच्या बोलाचा, शेवट करून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचो, आणि चाळीस वर्षं मला वाटत होतं की मी ते माझ्या हुशारीनं करतोय.

पुढच्या गुरुवारी त्या मुलीला मी कॅसेट ऐकवली. तिनं डोळे मिटून तीन वेळा ऐकली आणि विचारलं, "काका, सर आठवीला तुमच्यासाठी थांबायचे का?" आता ती थांबते. गेल्या वर्षापासून भैरवीच्या शेवटच्या ओळीलाही पेटी थांबवते.

हे लिहून ठेवायला भातखंडे पद्धतीच्या खुणा पुरेशा आहेत आणि त्या एका दुपारी शिकता येतात. मंद्र स्वराच्या खाली टिंब, तार स्वराच्या वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. समेला फुलीची खूण, खालीला, म्हणजे टाळी न वाजवायच्या जागेला, शून्य. मात्रांची घरं आखा आणि त्यात स्वर बसवा. खुणा जमत नसतील तर फोन चालू करा, ती जागा तोंडानं गाऊन दाखवा आणि कुठल्या ओळीनंतर येते ते बोला. अशुद्ध गायलात तरी जाणकाराला कळतं. माझ्या वहीत आत्तापर्यंत बावीस जागा झाल्या आहेत. शेजारी कॅसेटचा नंबर आणि मिनिट लिहितो, म्हणजे शोधायला लागत नाही.

बातम्या त्याला कशा सांगायच्या

रोजच्या जगण्यात माणूस सगळ्यांत जास्त आठवतो तो बातमी आल्यावर. आम्ही दोघं सकाळी सातला फोनवर पेपर वाचायचो, म्हणजे तो मोठ्यानं वाचायचा आणि मी दूध तापवत ऐकायचो.

15 डिसेंबर 2024, रविवारची रात्र. झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली. थोड्या वेळानं ती खरी नाही असं आलं. मी तबल्याचा माणूस, जिवाची नुसती घालमेल. हात आपोआप फोनकडे गेला आणि त्याचा नंबर लावला. तो आता या जगात नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हाताला ठाऊक नव्हतं. पलीकडून कुणीतरी तरुण आवाज "हॅलो, कोण पायजे?" म्हणाला. नंबर दुसऱ्याला गेला होता. मी माफी मागितली आणि तोंडून निघून गेलं की मित्राचा नंबर होता, झाकीरभाईंची बातमी सांगायची होती. तो म्हणाला, "मी पण तेच बघतोय काका. खरं नसलं तर बरं." दोघंही जरा वेळ काही बोललो नाही, मग फोन ठेवला. सकाळी कळलं, खरं होतं. सॅन फ्रान्सिस्कोला गेले, वय 73.

त्या आठवड्यात मी पेढीवरून उरलेली एक लाल रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, काढली. तेव्हापासून त्याला सांगायची बातमी तिच्यात लिहितो. डाव्या पानावर तारीख आणि बातमी, उजव्या पानावर तो काय म्हणाला असता ते. मागच्या काही तारखाही भरून काढल्या. जानेवारी 2024 मध्ये चार दिवसांच्या अंतरानं गायक राशिद खान आणि प्रभाताई अत्रे गेल्या, ते लिहिलं आणि उजवं पान कोरं सोडलं. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, उजवीकडे लिहिलं, "आणि पेटीला कधी रे?" ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा, जुलै 2025 मध्ये महाराजांचे किल्ले जागतिक वारसा यादीत. त्या दिवशी तो पन्हाळ्याच्या सहलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहिला नसता, म्हणून तीच लिहिली. मोठ्याच बातम्या हव्यात असं नाही. "देवळात नवीन पंखा बसवला, आवाज करतो, तू असतास तर काढून टाकला असतास," हेही आहे.

रोज लिहायचा नेम करू नका, ओझं होतं. त्याला सांगावंसं वाटलं तरच लिहा. माझ्या काही महिन्यांत दहा नोंदी आहेत आणि काही महिन्यांत एकही नाही. उजवं पान सुचत नसेल तर कोरं सोडा. कधीकधी वर्षभरानं सुचतं.

एक संध्याकाळ

वर्षश्राद्ध घरच्यांचं. आपण वेगळा दिवस धरावा. तो गेल्यानंतर पहिल्या वर्षी एका मंडळानं त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला, भलं मन होतं त्यांचं, पण भाषणं दीड तास चालली आणि पेटी वीस मिनिटं वाजली. वहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यानंतर आम्ही ठरवलं की हे घरात करायचं.

5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो आणि सांगलीत तो मोठा दिवस, कारण 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी पहिलं नाटक इथंच केलं. त्या सुमारास नाटकवाले आमचे जुने मित्र बाहेरगावाहून आलेले असतात, म्हणून त्याच्या आधीचा गुरुवार आम्ही धरला. मिरजेला दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणारे-वाजवणारे हजेरी लावतात. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. आम्ही दोघं दर वर्षी सिटी बसनं जायचो आणि पहाटे परत यायचो. तिथं पाहिलेलंच आम्ही छोट्या मापात करतो: येणाऱ्यानं वाजवायचं किंवा गायचं, आणि ऐकायचं.

माणसं आठ-दहा, जास्त नकोत. माइक नाही. भाषण नाही. त्याची पेटी मध्ये, आणि ती शिकणाऱ्या मुलीनंच वाजवायची, कसलेल्या माणसानं नाही. एक कॅसेट दहा मिनिटं लावायची, त्या वर्षी उतरवलेली. रोजकीर्दीतल्या चार-पाच नोंदी वाचायच्या. सांगलीचं भडंग, कच्चा कांदा, चहा. खर्च सातशेच्या आत होतो. शेवटी भैरवी. रडू आलं तर येऊ द्यावं, पण ठेका सोडू नये; मी एका वर्षी सोडला होता आणि ती पोरगी एकटी समेवर आली.

चौऱ्याऐंशीपैकी पुरानं खाल्लेल्या बारा वजा जाता बहात्तर उरल्या. त्यातल्या अडुसष्ट झाल्या आहेत. राहिलेल्या चारांत ती "पुन्हा ऐकणे" लिहिलेली आहे. ती या रविवारी लावणार आहे. पेटीसाठी वहिनींना फोन करून ठेवलाय. मृग लागायच्या आत रिक्षा घेऊन जायचं आहे, आणि पाठीमागच्या सीटवर पेटीखाली घालायला जुनी गोधडी बरोबर न्यायची आहे.